लुई पाश्चर

लुई पाश्चर (२७ डिसेंबर, १८२२ – २८ सप्टेंबर, १८९५) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे एक प्रवर्तक होते. पदार्थ आंबणे, पदार्थ नासणे आणि सजीवांना संसर्गजन्य रोग होणे या तिन्ही क्रियांमागे सूक्ष्मजीव असतात, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले. द्रव पदार्थ टिकवण्याची 'पाश्चरीकरण' ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोंबड्यांचा कॉलरा, जनावरांची काळपुळी आणि अलर्क रोग म्हणजेच रेबीज यांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लसी तयार केल्या. रेबीजची लस माणसाला टोचण्याआधी त्यांनी ती कुत्र्यांना टोचली होती. सर्व कुत्र्यांना लस देऊन हा रोग मुळातच संपवावा, असा विचारही त्यांनी मांडला होता. त्यांच्या हयातीत तो व्यवहारात उतरू शकला नाही. कुत्र्याच्या पिल्लाला रेबीजची लस देण्याची आजची पद्धत ही त्याच विचाराची पुढची पायरी होय.

जन्म आणि बालपण

पाश्चर यांचा जन्म फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्युरा प्रांतातील दोल या गावी झाला. त्यांचे वडील ज्यां-जोसेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. सैन्यातून परतल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा घरचा व्यवसाय सुरू ठेवला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. शालेय जीवनात ते असामान्य विद्यार्थी म्हणून गणले जात नव्हते, परंतु चित्रकलेत त्यांना चांगली गती होती. त्यांनी काढलेली आईवडिलांची व गावकऱ्यांची रंगीत खडूंतील व्यक्तिचित्रे आजही जतन केलेली आहेत.

१८३१ च्या ऑक्टोबर महिन्यात आर्ब्वाच्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी अशा जखमेवर लोखंड लाल तापवून डाग देणे हाच उपाय समजला जाई. चावा बसलेल्या माणसांना लोहाराच्या दुकानात नेऊन डाग दिले जात. असा डाग देतानाचे दृश्य आठ वर्षांच्या लुईने पाहिले होते. एवढे करूनही त्या परिसरातील अनेक जण या रोगाने दगावले. पुढे अर्ध्या शतकानंतर पाश्चर याच रोगाच्या अभ्यासाकडे वळले.

शिक्षण आणि आरंभीचे संशोधन

बझांसाँ येथे प्राथमिक पदव्या मिळवल्यानंतर १८४३ मध्ये त्यांना पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरिअर या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला. १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळले. त्यांत उजव्या व डाव्या हाताप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेले दोन प्रकार त्यांना आढळले. हे स्फटिक चिमट्याने एकेक करून वेगळे केल्यावर एका प्रकाराचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे, तर दुसऱ्याचे डावीकडे वळवते, हे त्यांनी सिद्ध केले. रेणूंच्या त्रिमितीय रचनेच्या अभ्यासाचा हा आरंभ मानला जातो.

१८४९ मध्ये ते स्त्रासबूर विद्यापीठात रुजू झाले व त्याच वर्षी मारी लॉरां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारी यांनी आयुष्यभर त्यांची टिपणे लिहून घेण्याचे व संशोधनाची व्यवस्था पाहण्याचे काम केले. या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी तीन मुली बालपणीच वारल्या. त्यांपैकी दोघींचा मृत्यू विषमज्वराने झाला.

किण्वन आणि सूक्ष्मजीव

१८५४ मध्ये लील येथील विज्ञान विद्याशाखेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. मद्यनिर्मिती हा त्या भागातील मोठा उद्योग होता. तेथील अडचणींच्या निमित्ताने ते किण्वनाच्या अभ्यासाकडे वळले. किण्वन ही केवळ रासायनिक विघटनाची क्रिया नसून ती जिवंत सूक्ष्मजीवांमुळे घडते आणि प्रत्येक प्रकारच्या किण्वनास विशिष्ट सूक्ष्मजीव कारणीभूत असतो, असे प्रतिपादन त्यांनी केले.

सूक्ष्मजीव निर्जीव पदार्थातून आपोआप उत्पन्न होतात, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. हंसाच्या मानेसारखी लांब व वक्र नळी असलेल्या काचपात्रांत पाश्चर यांनी पोषक द्रव उकळून ठेवला. हवा आत जाऊ शकत होती, पण धूळ नळीच्या वळणातच अडकून राही. असा द्रव दीर्घकाळ नासला नाही. नळी मोडताच किंवा पात्र कलते करून द्रव धुळीपर्यंत पोहोचवताच त्यात सूक्ष्मजीवांची वाढ झाली. या कार्यासाठी १८६२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले. मद्य ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवले असता ते बिघडत नाही, हे त्यांनी याच दशकात दाखवले. पुढे ही पद्धत दुधासाठी जगभर वापरली जाऊ लागली.

१८६५ पासून सुमारे पाच वर्षे त्यांनी दक्षिण फ्रान्समधील अलेस येथे रेशीमकिड्यांच्या रोगांचा अभ्यास केला. निरोगी अंडी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने निवडण्याची रीत त्यांनी शेतकऱ्यांना शिकवली. याच काळात, ऑक्टोबर १८६८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची डावी बाजू कायमची अधू झाली. यानंतरचे सर्व संशोधन त्यांनी सहकाऱ्यांच्या हातांनी, पण स्वतःच्या देखरेखीखाली केले.

क्षीण जंतूंपासून लस

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या द्रव्याचा उपयोग करून देवीच्या रोगापासून संरक्षण मिळवून दिले होते. तथापि, निसर्गात असा सौम्य पर्याय प्रत्येक रोगाला उपलब्ध नसतो. १८७९-८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना, बराच काळ ठेवलेल्या संवर्धनातील जंतू क्षीण होतात, त्यांनी कोंबड्या मरत नाहीत आणि पुढे जहाल जंतूंनाही त्या तोंड देऊ शकतात, असे पाश्चर यांच्या लक्षात आले. रोगजंतूच प्रयोगशाळेत क्षीण करून त्यापासून लस करता येते, हे यातून निष्पन्न झाले. जेन्नर यांच्या सन्मानार्थ त्यांनी 'व्हॅक्सिन' ही संज्ञा अशा सर्वच लसींना लागू केली.

१८८१ च्या मे महिन्यात पुय्यी-ल-फोर येथे काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग झाला. लस टोचलेल्या व न टोचलेल्या अशा दोन्ही गटांतील मेंढ्यांना ३१ मे रोजी जहाल जंतू टोचण्यात आले. २ जून रोजी लोक पाहण्यास जमले तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या. लस न टोचलेल्या बहुतेक मेंढ्या मरून पडल्या होत्या व उरलेल्या त्याच दिवशी मेल्या. या प्रयोगातील लस शार्ल शांबरलां या सहकाऱ्याने रासायनिक पद्धतीने तयार केलेली होती. पाश्चर यांनी ही बाब त्या वेळी उघड केली नाही. काळपुळीवर रासायनिक प्रक्रियेने लस करण्याचा प्रयत्न पशुवैद्य आंरी तुसां यांनी आधीच केला होता. त्यामुळे या मौनावर पुढील काळात टीका झाली.

रेबीजवरील संशोधन

रेबीजने मरणाऱ्यांची संख्या त्या काळीही इतर साथींच्या मानाने थोडी होती. परंतु लक्षणे दिसू लागली की मृत्यू अटळ, पाणी पाहताच घशाला येणारे आचके, आणि अखेरपर्यंत बहुधा शाबूत राहणारी शुद्ध यांमुळे या रोगाची दहशत मोठी होती. १८८० च्या डिसेंबरमध्ये पाश्चर यांनी या रोगाचा अभ्यास हाती घेतला.

पहिली अडचण जंतूचीच होती. रेबीजचा कारक विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि पोषक द्रवात वाढतही नाही. विषाणू ही संकल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्यामुळे जो डोळ्यांना दिसत नाही तो जंतू वाढवणे व क्षीण करणे, असे दुहेरी काम होते. दुसरी अडचण कालावधीची होती. कुत्रा चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा परिपाक काल काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा बसलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. मग एखादा प्राणी उपचाराने वाचला की मुळातच बाधित नव्हता, हे कसे ठरवावे?

लिओं येथील पशुवैद्य पिएर व्हिक्तर गाल्तिए यांनी १८७९ मध्ये रेबीज सशांना देता येतो हे दाखवले होते. रोगाचे केंद्र मज्जासंस्थेत असावे, असे लक्षणांवरून दिसत होते. पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांनी कुत्र्याला भूल देऊन, कवटीला बारीक छिद्र पाडून बाधित मेंदूचा अंश थेट मेंदूच्या आवरणाखाली टोचण्याची पद्धत वापरली. अशा रीतीने टोचलेला कुत्रा हमखास आजारी पडे, तोही थोड्या दिवसांत. प्रयोगातील अनिश्चितता त्यामुळे संपली. एका सशाकडून दुसऱ्या सशाकडे असे वारंवार संक्रमण केल्यावर परिपाक काल घटत घटत सुमारे सात दिवसांवर येऊन स्थिरावला.

यानंतर या सशांच्या मेरुरज्जूचे तुकडे निर्जंतुक काचपात्रात दोऱ्याने टांगून वाळवण्यात आले. पात्राच्या तळाशी ओलावा शोषून घेणारा पोटॅशचा थर असे. रज्जू जसजसा वाळे तसतशी त्याची मारकता कमी होई आणि सुमारे दोन आठवड्यांत ती जवळजवळ नाहीशी होई. प्रथम सर्वांत जुन्या व शेवटी ताज्या रज्जूचे द्रावण रोज टोचत गेल्यास कुत्र्यांना रेबीजची बाधा होत नाही, असे पाश्चर यांना आढळले. फिनिश चित्रकार आल्बर्ट एडेलफेल्ट यांनी १८८५ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात पाश्चर यांच्या हाती असेच एक काचपात्र आहे.

कुत्र्यांचे लसीकरण: पहिला विचार

रज्जू वाळवण्याची पद्धत निघण्यापूर्वीच, माकडांमधून संक्रमित करून क्षीण केलेल्या द्रव्याने पाश्चर यांनी काही कुत्र्यांना रोगप्रतिबंधक्षम केले होते. १८८४ मध्ये फ्रेंच शासनाने नेमलेल्या आयोगापुढे त्यांनी ही कुत्री ठेवली. लस दिलेल्या व न दिलेल्या कुत्र्यांना सारख्याच रीतीने बाधित करून आयोगाने तुलना केली व अनुकूल अहवाल दिला. पुढील प्रयोगांसाठी पॅरिसजवळ व्हिलनव्ह-लेतां येथील शासकीय जागेत श्वानगृहे बांधण्यात आली.

माणसाला रेबीज होतो तो प्रामुख्याने कुत्र्याकडून. तेव्हा सर्व कुत्र्यांना लस दिल्यास रोगाचा झराच आटेल, हा विचार पाश्चर यांनी या वेळी मांडला. परंतु फ्रान्समधील कुत्र्यांची संख्या लाखांच्या घरात होती. प्रत्येक कुत्र्याला अनेक दिवस ओळीने टोचावे लागणार होते आणि लशीसाठी सतत नवनवे ससे लागणार होते. ही लस साठवून दूरवर पाठवण्याजोगी नव्हती. त्यामुळे हा मार्ग तूर्त बाजूला पडला. दुसरा मार्ग रेबीजच्या दीर्घ परिपाक कालातून सापडला. चावा व लक्षणे यांच्यामध्ये वेळ असतो. तेवढ्या वेळात लस देऊन रोगाच्या आधी प्रतिकारशक्ती निर्माण करता आली, तर चावा बसलेला माणूसही वाचवता येईल, असा त्यामागचा तर्क होता.

जोसेफ माइस्टर

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला पाश्चर यांच्याकडे आली. दोन दिवसांपूर्वी एका कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. कुत्र्याला ठार केल्यावर त्याच्या पोटात गवत व लाकडाचे तुकडे निघाले. त्यावरून तो पिसाळलेला असल्याचे मानले गेले.

पाश्चर हे वैद्य नव्हते. लस टोचण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. लस निष्फळ ठरली असती तर मुलाच्या मृत्यूचा दोष लसीलाच लागला असता, आणि ती न देता मुलगा दगावला असता तर हाती असलेला उपाय रोखून धरल्याचा दोष आला असता. व्ह्युल्पियां व ग्रांशे या दोन वैद्यांनी मुलाला तपासले आणि उपचार करण्यास अनुकूल मत दिले. त्याच दिवशी संध्याकाळी ग्रांशे यांनी पहिली मात्रा टोचली. पुढील दहा दिवसांत एकूण १३ मात्रा देण्यात आल्या. शेवटच्या मात्रा बऱ्याच जहाल होत्या. रू हे या उपचारापासून दूर राहिले. माइस्टरला रेबीज झाला नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ज्युरा प्रांतातील ज्यां-बाप्तिस्त ज्युपिल या किशोरवयीन गुराख्यावर उपचार झाले. लहान मुलांवर चालून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजताना तो जखमी झाला होता. तोही बचावला. २६ ऑक्टोबर १८८५ रोजी पाश्चर यांनी विज्ञान अकादमीपुढे आपली पद्धत जाहीर केली. या वेळी त्यांनी ५० कुत्र्यांवरील यशस्वी प्रयोगांचा हवाला दिला. १ मार्च १८८६ पर्यंत ३५० जणांवर उपचार झाले होते व त्यांपैकी एक मुलगी दगावली होती. तिला चाव्यानंतर ३७ दिवसांनी आणण्यात आले होते. पाठोपाठ रशियातील स्मोलेन्स्क येथून लांडग्याने चावे घेतलेली १९ माणसे आली. त्यांपैकी १६ जण वाचले.

आक्षेप आणि नंतरचे मूल्यमापन

मिशेल पीटर यांच्यासारख्या वैद्यांनी पाश्चर यांच्या उपचाराला कडवा विरोध केला. चावलेल्यांपैकी अनेक जण उपचाराविनाही वाचले असते, आणि जहाल द्रव्य टोचल्यामुळेच एखाद्याला रोग होण्याचा धोका आहे, असे दोन मुख्य आक्षेप होते. इंग्लंडमधील एका समितीने स्वतंत्र प्रयोग करून १८८७ मध्ये पाश्चर यांच्या निष्कर्षांना दुजोरा दिला.

पाश्चर यांच्या प्रयोगवह्या त्यांच्या नातवाने १९६४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या अभ्यासून इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काही विसंगती दाखवल्या. माइस्टरच्या आधी दोन रुग्णांवर गाजावाजा न करता उपचार झाले होते आणि त्यांतील एक मुलगी लगेचच दगावली होती. माइस्टरला ज्या क्रमाने मात्रा दिल्या, त्या क्रमाचे कुत्र्यांवरील प्रयोग तेव्हा पुरे झालेले नव्हते. हे प्रयोग सुदृढ कुत्र्यांवर होते. आधी चावा बसलेल्या कुत्र्याला याच क्रमाने वाचवल्याचा पुरेसा आधार हाती नव्हता. अन्य अभ्यासकांच्या मते मात्र, मृत्यू जवळपास निश्चित मानला जात असताना हा निर्णय त्या काळाच्या मर्यादेत समर्थनीय होता. लसीची उपयुक्तता पुढील अनुभवाने सिद्ध झाली, याविषयी दुमत नाही.

पाश्चर इन्स्टिट्यूट आणि अखेरचा काळ

देशोदेशींच्या लोकवर्गणीतून पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. २७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांचा सत्तरावा वाढदिवस सोरबोन येथे साजरा झाला, तेव्हा जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर हेही उपस्थित होते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी, जेथे प्रयोगातील कुत्री ठेवली जात त्याच व्हिलनव्ह-लेतां परिसरात, पाश्चर यांचे निधन झाले. त्यांची समाधी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या तळघरात आहे. जोसेफ माइस्टर याने पुढे याच संस्थेत द्वारपाल म्हणून नोकरी केली.

भारताशी संबंध

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले. मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर त्यांनी तेथेच प्लेगची लस तयार केली व जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९०० मध्ये कसौली येथे भारतातील पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे डेव्हिड सेम्पल यांनी मेंढ्यांच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाची प्रक्रिया करून, रेबीजची लस तयार केली. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने म्हणून महाराष्ट्रातील जुन्या पिढीला जी लस आठवते ती याच परंपरेतील होती. या लसीमुळे काही रुग्णांना मज्जासंस्थेचे विकार होत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतात तिचा वापर थांबला आणि पेशीसंवर्धनातून केलेल्या सुरक्षित लसींनी तिची जागा घेतली.

कुत्र्यांच्या लसीकरणाचा वारसा

पाश्चर यांनी बाजूला ठेवलेला मार्ग विसाव्या शतकात पुन्हा खुला झाला. जपानमध्ये उमेनो व दोई यांनी कुत्र्याला एकदाच टोचावी लागणारी लस तयार करून १९२० च्या सुमारास ती मोठ्या प्रमाणावर वापरली. जपानने १९५० मध्ये कायद्याने कुत्र्यांचे लसीकरण बंधनकारक केले व त्यानंतरच्या काही वर्षांतच तो देश रेबीजमुक्त झाला.

आज कुत्र्याच्या पिल्लाला सामान्यतः तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली मात्रा देतात. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाच्या शरीरात काही आठवडे टिकतात व ती लसीच्या परिणामात अडथळा आणू शकतात, हे त्यामागील कारण आहे. वर्षभरात पुन्हा मात्रा दिली जाते आणि त्यानंतर लसीच्या प्रकारानुसार ठरावीक काळाने ती द्यावी लागते. मात्र सार्वजनिक मोहिमांत तीन महिन्यांखालील पिल्लांनाही वगळू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. लहान पिल्लांनाही रेबीज होतो आणि लहान मुले पिल्लांनाच अधिक हाताळतात. आताच्या लसींत मृत विषाणू असतात, त्यामुळे लसीपासून रोग होण्याचा धोका नसतो.

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रसंगी कुत्राच कारणीभूत असतो. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना सातत्याने लस दिल्यास तेथे रोगाचा प्रसार खंडित होतो, असे मानले जाते. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, असा अंदाज आहे. हे मृत्यू प्रामुख्याने आशिया व आफ्रिकेत होतात. चावा बसल्यास जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे व विलंब न करता लस घेणे, आणि गरजेनुसार जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घेणे, हा आजचा उपचार आहे. लक्षणे दिसू लागल्यानंतर मात्र पाश्चर यांच्या काळाप्रमाणेच आजही खात्रीचा उपाय नाही.

दरवर्षी २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने अनेक ठिकाणी कुत्र्यांच्या लसीकरणाची शिबिरे भरवली जातात.